पडद्याबाहेरच्या कादंबऱ्या: ‘खऱ्या’ कोणत्या आणि घेण्याजोग्या कोणत्या

खानापूर तालुक्यातील तुमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी विज्ञानकथांचे एक कपाट उभे करायचे आहे आणि त्यात काय ठेवावे यावरून तुम्हा तिघा मित्रांत वाद पडला आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. एकाचे म्हणणे असे की, ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेवरच्या 2014 पूर्वीच्या कादंबऱ्या तिच्या मालक कंपनीने स्वतःच रद्द ठरवल्या असल्याने त्यांवर पैसे घालणे व्यर्थ आहे. दुसऱ्याच्या मते त्याच काय त्या वाचण्यासारख्या आहेत आणि नंतरची सगळी पुस्तके म्हणजे निव्वळ धंदा आहे. तिसऱ्याला तर चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या आधाराने लिहिलेली कोणतीही टाय-इन कादंबरी ही तिकीटविक्रीची पुरवणी वाटते. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या कादंबरीमालेचे मूळ सहा भाग घ्यावेत, त्यांच्या मुलाने लिहिलेल्या भागांना हातही लावू नये, असा त्याचा आग्रह आहे. पैसे मर्यादित असल्यामुळे बहुतेक खरेदी जुन्या पुस्तकांचीच करायची आहे, हेही तुम्ही कळवले आहे.

बेळगावात शहापूरला मी बरीच वर्षे पुस्तके भाड्याने देतो आणि जुनी पुस्तके विकत घेतो. कॅम्पातून बदली होऊन जाणारी लष्करी कुटुंबे आणि शिक्षण संपवून शहर सोडणारे मेडिकल-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडून जे गठ्ठे येतात, त्यांत या जातीची पुस्तके हमखास निघतात, त्यामुळे तुमचा वाद माझ्या गल्ल्यासमोर अनेकदा रंगलेला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अधिकृत की अनधिकृत हा प्रश्न मालकीचा आहे, वाचनाचा नाही. पुस्तक निवडताना पाहायचे ते इतकेच की, ते लिहिले गेले तेव्हा पडद्याने लेखकासाठी किती जागा मोकळी सोडली होती.

मालकीचा प्रश्न समजून घ्यायचा तर या प्रकारातले कोणतेही जुने पेपरबॅक उघडून शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचावी. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ठळक असले, तरी स्वामित्वहक्काच्या ओळीत बहुतेक वेळा ‘स्टार वॉर्स’च्या लुकासफिल्मचे किंवा ‘स्टार ट्रेक’च्या पॅरामाउंट पिक्चर्सचे नाव आढळते. प्रकाशक चित्रसंस्थेकडून परवाना घेतो, लेखक कथेचा आराखडा लिहून देतो, संस्थेची माणसे तो तपासून काय चालेल आणि काय चालणार नाही ते सांगतात, आणि हस्तलिखित पूर्ण झाल्यावर पुन्हा त्यांच्या नजरेखालून जाते. लेखकाला त्याचा मोबदला मिळतो, पण पात्रे, ग्रह, अंतराळयाने आणि लेखकाने स्वतः निर्माण केलेली नवी माणसेसुद्धा सहसा मालकाकडेच राहतात. आपल्याकडची विज्ञानकथा मासिके आणि दिवाळी अंक यांतून वाढली. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली कथा असो की त्यांच्या नंतरच्या कादंबऱ्या असोत, कथा आणि तिचे जग लेखकाचेच, हे आपण गृहीत धरून चालतो. म्हणून एखाद्या संस्थेने आपल्याच परवान्याने छापलेली शंभरावर पुस्तके एका निवेदनाने बाजूला सारली की, आपल्याकडच्या वाचकाला तो लेखकाचा अपमान वाटतो. प्रत्यक्षात घरमालकाने आपल्याच घरातील भिंत हलवण्यासारखा तो प्रकार आहे. भाडेकरूने तिथे किती सुंदर कोनाडा केला होता, याचे त्याला सोयरसुतक नसते.

आता ‘स्टार वॉर्स’कडे येतो, कारण तुमच्या वादाचे मूळ तिथेच आहे. पहिला चित्रपट मे 1977 मध्ये लागला, पण त्याची कादंबरी 1976 च्या अखेरीसच दुकानांत आली होती. मुखपृष्ठावर दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचे नाव होते आणि लिहिली होती ॲलन डीन फॉस्टर यांनी. अशा कादंबऱ्या चित्रपट पाहून लिहिल्या जात नाहीत, त्या पटकथेवरून लिहिल्या जातात, आणि म्हणून संकलनात कापलेले प्रसंग त्यांत शिल्लक राहतात. नायक ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांची गावातील भेट चित्रपटातून गेली, कादंबरीत मात्र ती आहे. शेवटच्या हल्ल्यात बिग्ज मरतो तेव्हा चित्रपट पाहणाऱ्याला तो कोण हे धड कळत नाही, कादंबरी वाचणाऱ्याला कळते. टाय-इन कादंबरीला सरसकट पुरवणी म्हणणाऱ्या तुमच्या तिसऱ्या मित्राने एवढा एक प्रसंग वाचून पाहावा.

फॉस्टर यांनीच 1978 मध्ये याच पात्रांवर एक स्वतंत्र कादंबरी लिहिली. पहिला चित्रपट माफक चालला असता, तर कमी खर्चात दुसरा काढता यावा, हा तिचा हेतू होता. म्हणून ती धुक्याने भरलेल्या ग्रहावर घडते, कारण धुक्यामागे देखावे उभे करावे लागत नाहीत. ल्यूक आणि नायिका लेया यांच्यात तिथे जी ओढ दाखवली आहे, ती 1983 च्या चित्रपटात ती दोघे बहीणभाऊ निघाल्यावर वाचवत नाही. पडदा चालू असताना लिहिलेल्या पुस्तकाची ही ठरलेली अडचण आहे: पुढचा चित्रपट काय सांगणार, हे लेखकाला माहीत नसते, आणि माहीत असले तरी बोलता येत नाही.

1983 नंतर मात्र चित्रपट थांबले. त्या शांततेत, 1991 मध्ये, टिमथी झान यांची तीन भागांतील पहिली कादंबरी, ‘एअर टू द एम्पायर’, आली. झान हे त्याआधीच विज्ञानकथेचे मानाचे ह्यूगो पारितोषिक मिळालेले, स्वतःच्या बळावर उभे असलेले विज्ञानकथाकार होते. साम्राज्य पडल्यानंतरचे राज्य कसे चालते, जिंकलेल्यांना कारभार किती जड जातो, आणि हरलेल्या बाजूला एक खरोखर हुशार सेनापती मिळाला तर काय होईल, हे प्रश्न त्यांना हाताळता आले, कारण त्यांची उत्तरे देणारा दुसरा कोणी त्या वेळी हजर नव्हता. त्यांचा हा सेनापती, थ्रॉन, शत्रूची चित्रे आणि शिल्पे पाहून त्या समाजाची लढण्याची पद्धत ओळखतो. या एका कल्पनेवर त्या तीन कादंबऱ्या उभ्या आहेत. राजधानीच्या ग्रहाला कोरुस्कांट हे नाव याच कादंबरीने दिले आणि 1999 च्या चित्रपटाने ते उचलले. म्हणजे ज्याला आज आपण ‘मूळ’ म्हणतो, त्यातला काही भाग पुस्तकांकडून पडद्याकडे गेलेला आहे.

त्यानंतर पुस्तके, कॉमिक्स आणि खेळ यांचे एवढे रान माजले की, 2000 पासून लुकासफिल्मला या सगळ्याची नोंद ठेवणारी माहितीपेढी उभारावी लागली. तिच्यात पायऱ्या होत्या: सर्वांत वर लुकास यांचे चित्रपट, त्याखाली दूरचित्रवाणी, त्याखाली कादंबऱ्या आणि कॉमिक्स. 2014 पूर्वी सगळी पुस्तके ‘खरी’ होती आणि मग ती खोटी ठरवली गेली, असा जो सूर दुसऱ्या मित्राच्या लिहिण्यात आहे, तो म्हणूनच टिकत नाही. पुस्तके आधीही खालच्याच पायरीवर होती. वरच्याने काही वेगळे सांगितले की खालच्याने मुकाट्याने सरकायचे, हा नियम पहिल्यापासूनचा होता. डिस्नेने 2012 मध्ये लुकासफिल्म विकत घेतल्यावर, 25 एप्रिल 2014 रोजी, जुन्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजंड्स’ या नावाने छापल्या जातील आणि नवे चित्रपट त्यांना बांधील राहणार नाहीत, एवढेच जाहीर झाले. पुनर्मुद्रणाच्या मुखपृष्ठावर वरच्या बाजूला सोनेरी पट्टी आली. आतला मजकूर तोच आहे. (त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या शहराचेही सरकारी नाव बदलले, माझ्या पावतीपुस्तकावर अजून बेळगावच आहे.)

या निर्णयाचा पुढचा भाग पहिल्या मित्राने विशेष लक्षात घ्यावा. रद्द झालेल्या पुस्तकांतील थ्रॉन 2016 मध्ये ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेत परत आला, 2017 मध्ये झान यांनीच त्याच्यावर नवी, यावेळी अधिकृत, कादंबरी लिहिली, आणि 2023 च्या ‘असोका’ मालिकेत तो प्रत्यक्ष अभिनेत्याच्या रूपात पडद्यावर आला. ज्या कादंबरीत त्याचा जन्म झाला ती मात्र लेजंड्सच राहिली. पात्र खरे आणि त्याचा जन्म खोटा, अशी ही विचित्र अवस्था आहे, आणि तिच्यावरून ‘रद्द’ या शब्दाला किती वजन द्यायचे ते ठरवावे. शिवाय, मालकाची ही मोकळीक नेहमी निरुपद्रवी असते असेही नाही. याच फॉस्टर यांनी 2020 मध्ये आपल्या जुन्या कादंबऱ्यांचे मानधन मालकी बदलल्यावर थांबल्याची उघड तक्रार केली होती, आणि अमेरिकेतील विज्ञानकथाकारांच्या संघटनेने ती लावून धरली होती. पुढच्या वर्षी ती मिटली.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या मालिकांचा आणि चित्रपटांचा कारभार याहून सरळ आहे. जे पडद्यावर दिसले तेवढेच खरे, पुस्तके कितीही असोत, हा तिथला नियम जुना आहे, आणि त्यामुळे तिथल्या वाचकांचे प्रेमभंग कमी होतात. तरीही देवघेव तिथेही आहेच: त्यातील सुलू या पात्राचे हिकारू हे नाव व्होंडा मॅकिन्टायर यांच्या 1981 च्या कादंबरीतून आले आणि 1991 च्या चित्रपटात उच्चारले गेले. तिथली उत्तम पुस्तके पाहिली, तर माझे मोकळ्या जागेचे म्हणणे पुन्हा पटते. ‘डीप स्पेस नाइन’ ही ‘स्टार ट्रेक’ मालिका 1999 मध्ये संपल्यावर 2001 पासून तिची कथा कादंबऱ्यांनी पुढे नेली. नवी माणसे आली, जुनी बदलली, काही परत आलीच नाहीत. पडद्यावरची मालिका चालू असती, तर हे शक्य नव्हते, कारण तेव्हा शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पात्र पुन्हा आपापल्या खुर्चीवर नेऊन बसवावे लागते. अशा, सगळे जागच्या जागी ठेवणाऱ्या, जुन्या कादंबऱ्यांचे ढीगच्या ढीग मला मिळतात. त्या वाईट नसतात, पण दुसऱ्यांदा कोणी नेत नाही.

पुढे 2020 मध्ये ‘पिकार्ड’ ही नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका आली आणि वीस वर्षे वाढवलेल्या या कादंबऱ्यांशी तिचे जमेना. प्रकाशकांनी तेव्हा जे केले, त्याला मी दाद देतो. डेटन वॉर्ड, जेम्स स्वॅलो आणि डेव्हिड मॅक या तीन लेखकांनी 2021 मध्ये तीन कादंबऱ्या लिहून त्या संपूर्ण कथाविश्वाला कथेतूनच शेवट दिला. निवेदन काढून सोडून देण्याऐवजी अंत्यविधी नीट केले, असे म्हणता येईल. मात्र हे तीन भाग आधीचे काही न वाचलेल्या माणसाच्या हाती देऊ नयेत. त्याला शोक कशाचा चालला आहे हेच कळणार नाही.

पडदा चालू असूनही चांगले पुस्तक निघाल्याचे उदाहरण हवे असेल, तर जॉन एम. फोर्ड यांची 1984 ची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ पाहावी. चित्रपट येतच होते, पण क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढाऊ लोकांचे घर, त्यांचे खेळ, त्यांची वडील-मुलाची नाती यांकडे तोवर कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. फोर्ड यांनी कथा एका क्लिंगॉन माणसाच्या नजरेतून सांगितली. 1987 नंतरच्या मालिकेने क्लिंगॉन समाज वेगळ्याच पद्धतीने रंगवला आणि ही कादंबरी पडद्याशी विसंगत ठरली. पण माझ्या वाचकांत ही विसंगती खटकलेला माणूस विरळा. एकदा वाचली की त्यांना पडद्यावरचे क्लिंगॉनच थोडे सपाट वाटू लागतात.

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण तेच आहे. 1963 पासून चाललेली ही मालिका 1989 मध्ये थांबली आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली. मध्ये 1996 चा एक दूरचित्रपट सोडला, तर पडद्यावर काही नव्हते. 1991 पासून व्हर्जिन या प्रकाशनाने मूळ कादंबऱ्या छापायला घेतल्या आणि मालिकेवर वाढलेल्या तरुण चाहत्यांना त्या लिहायला दिल्या. त्यांत रसेल टी. डेव्हिस होते, मार्क गॅटिस होते, पॉल कॉर्नेल होते. 2005 मध्ये मालिका परत आणली ती याच डेव्हिस यांनी. कॉर्नेल यांच्या 1995 च्या ‘ह्यूमन नेचर’ या कादंबरीत डॉक्टर आपली ओळख विसरून एका इंग्रजी शाळेत मास्तर होऊन राहतो. 2007 मध्ये कॉर्नेल यांनीच तिचे दोन भागांत रूपांतर केले. या मालिकेचा नायक, डॉक्टर, वेळोवेळी नवे रूप घेतो; कादंबरीतला डॉक्टर सातवा, पडद्यावरचा दहावा. मग हा प्रसंग त्याच्या आयुष्यात एकदा घडला की दोनदा? अधिकृत काय आणि काय नाही, याची यादी बीबीसीने कधी काढलीच नाही, आणि चाहते त्यावर आजही तावातावाने भांडतात. पण त्या भांडणात पुस्तक बाद करण्याची भाषा क्वचित येते. कपाटात या मालिकेचे काही मिळाले तर जरूर ठेवा. आपल्या भागात ती फारशी कोणी पाहिलेली नसल्याने जुन्या गठ्ठ्यांत तिची पुस्तके दुर्मीळ असतात.

मूळ कथेत नसलेली गोष्ट लोकांनी आपली मानल्याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. चंद्रहासाची कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती जैमिनीच्या अश्वमेधातली आहे. कन्नडमध्ये लक्ष्मीशाने जैमिनी भारत लिहिले, मराठीत श्रीधरस्वामींनी जैमिनी अश्वमेध लिहिला, आणि या सीमेच्या दोन्ही बाजूंना चंद्रहास आणि सुधन्वा घरोघरी ठाऊक झाले. पोथी ऐकणाऱ्याने ही कथा कोणत्या पायरीची, असे कधी विचारले नाही. विज्ञानकथेच्या चाहत्याला तो प्रश्न पडतो, याचे कारण त्याच्या महाभारताला जिवंत मालक आहे आणि तो दर दोन वर्षांनी नवे पर्व काढतो आहे.

‘ड्यून’चा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तिथे मी तुमच्या तिसऱ्या मित्राच्या बाजूला बराचसा झुकतो. फ्रँक हर्बर्ट यांची पहिली कादंबरी 1965 ची, सहावी 1985 ची. 1986 मध्ये ते वारले आणि कथा अधांतरी राहिली. त्यांचे चिरंजीव ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन जे. अँडरसन यांनी 1999 पासून आधीच्या काळावर कादंबऱ्या लिहिल्या आणि 2006 व 2007 मध्ये दोन भागांत मूळ कथेचा शेवट केला. वडिलांचा सातव्या भागाचा आराखडा बँकेच्या लॉकरमध्ये सापडला, त्यावर हा शेवट आधारलेला आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे मालकी निर्विवाद, परवानगीचा प्रश्नच नाही, तरी वाचक दुभंगलेले आहेत, आणि अधिकृतपणाचा शिक्का वाचकाचे समाधान करू शकत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही. अडचण अशी आहे की, त्या शेवटातील गुंता ज्या पात्रांवर सुटतो, ती मुलाने लिहिलेल्या पूर्वकथांतून आलेली आहेत. सहा भाग वाचून थेट सातव्याकडे गेलेल्या माणसाला ती परकी वाटतात. थोरल्या हर्बर्ट यांनी यंत्रांविरुद्धच्या प्राचीन बंडाचा उल्लेख मुद्दाम धूसर ठेवला होता, आणि माणसाने आपला विचार यंत्रावर सोपवण्याची सवय हा त्यातला खरा धोका होता. पूर्वकथांत त्याचे यंत्रमानवांशी सरळ युद्ध झाले. वाचायला ते वेगवान आहे, पण विचार पातळ झाला आहे. इथे मोकळी जागा पडद्याने सोडलेली नव्हती, ती लेखकाने विचारपूर्वक राखलेली होती, आणि ती भरणे म्हणजे काहीतरी पुसणेच होते. एक गंमत अशी की, 1984 मध्ये विलिस मॅकनेली यांनी हर्बर्ट यांच्या संमतीने या विश्वाचा ज्ञानकोश संपादित केला होता. हर्बर्ट यांनी प्रस्तावनेत त्याचे कौतुक केले आणि पुढे लिहिताना आपण त्याला बांधील नाही, हेही सूचित केले. तो सापडला तर कोणत्याही किमतीला घ्या, आणि परवडत नसेल तर मला कळवा.

लेखक स्वतःच्याच मूळ कथेला किती मान देतो, हे पाहायचे असेल, तर आर्थर सी. क्लार्क यांचे उदाहरण आहे. 1968 च्या त्यांच्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’ या कादंबरीत यान शनीकडे जाते, त्याच वेळी तयार झालेल्या चित्रपटात ते गुरूपाशी थांबते. 1982 मध्ये पुढचा भाग लिहिताना क्लार्क यांनी आपली कादंबरी बाजूला ठेवून चित्रपटातला गुरू स्वीकारला आणि तसे स्पष्ट सांगितले. त्यामुळे कोणाची कादंबरी खोटी झाली, असे मी तरी ऐकलेले नाही.

पडद्यावरच्या उपमालिकांबद्दल लांबण लावत नाही, कारण वाचनालयाला त्या विकत घ्यायच्या नाहीत. 2024 च्या ‘ड्यून: प्रॉफसी’ या मालिकेचा आधार मात्र ब्रायन हर्बर्ट आणि अँडरसन यांच्या 2012 च्या कादंबरीत आहे, हे लक्षात ठेवा, मालिका पाहून येणारी मुले नेमके तेच पुस्तक मागतील, आणि मागणाऱ्याला नाही म्हणण्याइतके ते वाईट नाही.

आता खरेदीचे. झान यांचे पहिले तीन भाग एकत्रच घ्या. दोनच मिळाले तर तिसरा मिळेपर्यंत थांबा, कारण तुटक संच लावलेल्या कपाटाला वाचक नावे ठेवतात. सोनेरी पट्टीची प्रत आणि बिनपट्टीची जुनी प्रत यांत मजकुराचा फरक नसल्यामुळे बांधणी चांगली असेल ती घ्यावी. संग्राहक जुनीला जास्त पैसे मोजतात, वाचनालयाला त्याचे काही कारण नाही. 1999 पासूनच्या, चुबाका या जुन्या पात्राच्या मृत्यूच्या कादंबरीने सुरू होणाऱ्या लांबलचक मालिकेला सध्या हात घालू नका, तिची पुस्तके फार आहेत आणि मधलीच सापडतात. ‘स्टार ट्रेक’मध्ये फोर्ड, मॅकिन्टायर आणि 2008 ची डेव्हिड मॅक यांची ‘डेस्टिनी’ ही त्रयी यांवर भर द्या. ‘ड्यून’चे मूळ सहा भाग नवेच घ्या, कारण जुन्या प्रतींत चौथ्या भागापासून पुढचे सहसा मिळत नाहीत, मुलाने लिहिलेले भाग देणगीत आले तर ठेवा, विकत घेऊ नका.

कपाटात या पुस्तकांची मांडणी कथेतील काळानुसार करण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण चाहत्यांच्या याद्या तशाच असतात. तसे करू नका. प्रत्येक मालिकेची पुस्तके प्रकाशनवर्षानुसार लावा आणि वर्ष कण्यावरच्या चिठ्ठीवर लिहा, म्हणजे पुस्तक हाती घेणाऱ्याला त्या वेळी पडद्यावर काय चालू होते आणि काय बंद होते, ते ताडता येईल. कॅनन (म्हणजे अधिकृत) आणि लेजंड्स असे दोन वेगळे कप्पे करायचे की नाही, यावर तुमच्यात पुन्हा मतभेद होणार हे दिसतेच आहे. माझ्याकडे एकच कप्पा आहे आणि नोंदवहीत शिक्क्याचा रकाना नाही; कोणी विचारलेच तर तोंडी सांगतो.